मांडवाखालून वर बघा: वेलींवरची बारीक कीड ओळखावी कशी, आवरावी कशी

गच्चीवरच्या कारल्याची पानं आखडली किंवा मोगऱ्याच्या कळ्या जांभळ्या पडून गळायला लागल्या, की पहिला प्रश्न येतो: काय फवारू? त्याच्या आधीचा प्रश्न खरा महत्त्वाचा: खातंय कोण? मावा, पांढरी माशी, फुलकिडे, लाल कोळी ही सगळी मंडळी एक-दोन मिलिमीटरची, काही तर त्याहूनही बारीक. दुरून पाहिलं तर सगळ्यांनी केलेलं नुकसान सारखंच दिसतं: पानं पिवळट, चुरगळलेली, वाढ थांबलेली. पण माव्यावर जे चालतं ते लाल कोळ्यावर चालेलच असं नाही, आणि फळमाशीला तर पानांवरच्या फवारणीने जवळजवळ काहीच होत नाही. ओळख चुकली की औषध वाया जातंच, शिवाय वेलीवर आधीपासून कामाला लागलेले मित्रकीटक मरतात आणि कीड आणखी जोरात येते.

यातली बहुतेक कीड पानाच्या मागच्या बाजूला राहते. ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, आणि पानाची कातडी तिथे पातळ असते. झुडपात ही बाजू बघायची तर वाकून एकेक पान उलटावं लागतं. वेलीची मात्र एक मोठी सोय आहे. मांडवाखाली उभं राहून वर बघितलं की सगळ्या पानांची मागची बाजू एकदम समोर येते. सकाळी ऊन वरून पडत असताना बघितलं तर पानं उजेडात पारदर्शक होतात आणि मावा, अंडी, नागअळीचे बोगदे आरपार दिसतात. जाळीवर उभा चढवलेला वेल असेल तर जाळीच्या मागे जाऊन बघा. भिंतीला चिकटून जाळी बांधलेली असेल तर ही सोय जाते, म्हणून जाळी भिंतीपासून निदान वीतभर पुढे बांधावी. हवाही खेळती राहते आणि फवारा मागून मारता येतो.

सामान फार लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग आणि एक पांढरा कोरा कागद. आठवड्यातून एकदा तीन ठिकाणं तपासायची: शेंड्याची कोवळी पानं, मधल्या वयाच्या पानांची मागची बाजू, आणि जिथे ताणे दोरीला घट्ट गुंडाळलेत किंवा खोड काठीला बांधलंय ते सांधे. कागद पानाखाली धरून पान बोटाने दोन-तीनदा टिचकवायचं आणि कागदावर काय पडतं, ते चालतं कसं, ते बघायचं. पाठीमागे दोन बारीक नळ्या असलेलं, मंद चालणारं, हिरवं किंवा काळं नासपतीच्या आकाराचं शरीर म्हणजे मावा. लांबुडका, पिवळसर, धाग्याच्या तुकड्यासारखा आणि तुरुतुरु पळणारा म्हणजे फुलकिडा. तिरपा चालून टुणकन उडी मारणारा हिरवट पाचरीसारखा जीव म्हणजे तुडतुडा. आणि नुसते धुळीचे कण वाटले, पण मिनिटभराने त्यातले काही सरकायला लागले, तर तो लाल कोळी. तो चिरडून बोट कागदावर ओढलं की तांबूस रेघ उमटते.

मावा आधी घेऊ, कारण सर्वांत जास्त तोच दिसतो. चवळी, वाल, पावटा यांच्या शेंड्यावर आणि शेंगांवर काळा मावा गच्च बसतो; काकडी, दुधी, दोडका यांच्या पानांमागे हिरवट-पिवळा. मादीला नराची गरज लागत नाही, ती अंडी न घालता थेट पिल्लं देते, आणि उबदार हवेत पिल्लू साधारण आठवड्याभरात स्वतः पिल्लं द्यायला लागतं. म्हणून सोमवारी दहा दिसलेले रविवारी मोजता येत नाहीत. मावा रस शोषतो आणि जादा साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतो. खालच्या पानांवर तो चिकटा पडतो, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. खालचं पान काळं दिसलं तर कीड त्या पानावर शोधू नका, त्याच्या वरच्या पानाखाली शोधा. माव्याच्या वस्तीत पांढरे चुऱ्यासारखे कण दिसतात, त्यांना पुष्कळ लोक वेगळी कीड समजतात. ती माव्याने टाकलेली कात असते.

मुंग्या वर-खाली करताना दिसल्या तर मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड वर कुठेतरी आहेच. चिकट्यासाठी मुंग्या या किडींची राखण करतात, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलतात. मुंग्यांचा रस्ता तोडला की अर्धं काम मित्रकीटकच करतात. मांडवाच्या खांबांना आणि आधाराच्या तारांना चार बोटं रुंद ग्रीसचा पट्टा द्या. वेलीच्या खोडाला ग्रीस थेट फासू नये, साल खराब होते. खोडावर आधी कापडी पट्टी गुंडाळून तिच्यावर लावावं. भिंतीला टेकलेला एखादा फुटवासुद्धा मुंग्यांना पूल म्हणून पुरतो, तो छाटा.

माव्यासाठी सुरुवातीला औषध लागतच नाही. शेंड्याची चार इंच टोकं लडबडलेली असतील तर ती खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. बाकी वेलीवर पाइपला बोट लावून जोराचा फवारा खालून वर, पानांच्या मागे मारा. मावा एकदा खाली पडला की त्याची सोंड बऱ्याचदा तुटलेली असते आणि तो परत चढत नाही. तीन दिवसांच्या अंतराने तीनदा असं धुतलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. फवारा सकाळी मारा म्हणजे पानं दुपारपर्यंत सुकतात; संध्याकाळी पानं ओली राहिली तर काकडीवर केवडा हा बुरशीसारखा रोग येतो. आणि मावा वारंवार येत असेल तर खताकडे बघा. युरिया किंवा कच्चं शेणखत जास्त झालं की कोवळी, रसरशीत पालवी फुटते आणि माव्याला तीच हवी असते.

पांढरी माशी ओळखायला सोपी. वेल हलवला की पांढरा भुरका उडतो आणि परत बसतो. पण उडणाऱ्या माशीपेक्षा पानामागे चिकटून बसलेली, न हलणारी, चपटी फिकट पिल्लं जास्त नुकसान करतात, आणि पानाच्या वरून मारलेलं औषध त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. अंड्यापासून माशी व्हायला हवामानानुसार दोन ते चार आठवडे लागतात. एका फवारणीने अंडी मरत नाहीत, म्हणून दर सहा-सात दिवसांनी किमान तीनदा फवारणी हवी. एकदा मारून "फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांची अडचण हीच असते. घेवडा-वालावर ही माशी पिवळा मोझॅक पसरवते: पानावर हिरव्या-पिवळ्या चकत्या, नवीन पान लहान आणि वाकडं. हा विषाणू आहे, त्यावर औषध नाही. असा वेल मुळासकट उपटून टाकावा, आणि उपटण्याआधी त्यावरच्या माश्या मारून घ्याव्यात, नाहीतर त्या उडून शेजारच्या वेलीवर बसतात.

चिकट सापळे इथे कामाला येतात. पांढरी माशी, पंख फुटलेला मावा आणि नागअळीची माशी पिवळ्या रंगाकडे ओढली जाते. फुलकिड्यांसाठी निळा सापळा जास्त चांगला. घरी करायचा असेल तर पिवळा प्लास्टिकचा तुकडा घेऊन त्यावर एरंडेल तेल किंवा ग्रीस पातळ फासावं. तो वेलीच्या वाढत्या शेंड्याच्या उंचीला टांगायचा, आणि वेल वर गेला की सापळाही वर न्यायचा. एका छोट्या मांडवाला एक-दोन पुरे. सापळ्याने कीड संपत नाही, पण ती कधी आली हे कळतं. गच्चीभर सापळे लावू नका, त्यांना उपयोगाच्या माश्याही चिकटतात.

फुलकिडे उन्हाळ्यात काकडी आणि दुधीवर जास्त येतात. ते पान खरवडून रस पितात, त्यामुळे पानावर चंदेरी चट्टे उठतात आणि त्या चट्ट्यांवर विष्ठेचे बारीक काळे ठिपके दिसतात. कडा वर वळतात, शेंडा आखूड होतो. त्यांची एक अवस्था मातीत किंवा खाली पडलेल्या पाल्यात जाते. म्हणून आळ्यातला सुका पाला उचलणं, माती वरवर हलवणं आणि पाण्याचा ताण पडू न देणं हे फवारणीइतकंच उपयोगी आहे.

लाल कोळी हा कीटक नाही. पूर्ण वाढलेल्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या कुळातला. हा फरक पुस्तकी वाटेल, पण दुकानातून आणलेली बरीच कीटकनाशकं कोळ्यावर चालत नाहीत, आणि काहींनी तर तो वाढतो, कारण त्याला खाणारे शिकारी कोळी आणि किडे आधी मरतात. फेब्रुवारी ते मे, कोरडी हवा, धूळ, गरम भिंतीला टेकलेला वेल: हे त्याचं आवडतं ठिकाण. काकडी, घेवडा, गोकर्ण, मोगरा, सगळीकडे येतो. पानाच्या वरच्या बाजूला शिरेजवळ सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, मग सगळं पान तांबूस-राखी, आणि शेवटी शेंड्यावर बारीक जाळं. जाळं दिसायला लागलं म्हणजे उशीर झालाय. तीस अंशांच्या वर त्याची एक पिढी आठवडाभरात होते.

कोळ्याला पाणी सोसत नाही. एक दिवसाआड सकाळी पानांच्या मागून जोरात पाणी मारणं हा पहिला उपाय आणि घरच्या बागेत बऱ्याचदा पुरेसा. जास्त झालेला असेल तर जाळं लागलेली पानं काढून टाका आणि मोगरा, जाई, गोकर्ण अशा वेलींवर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारा. दोन गोष्टी सांभाळायच्या. काकडी, दुधी, भोपळा या कुळातल्या वेलींना गंधकाने पान करपतं, त्यांच्यावर नको. आणि पारा ३२ अंशांच्या वर असताना, किंवा कडुनिंब तेल फवारून दोन आठवडे झाले नसताना, कुठल्याच वेलीवर नको. तेल आणि गंधक एकत्र आले की पान भाजतं.

पिठ्या ढेकूण कापसासारखा दिसतो आणि नेमका दोरीच्या गाठीत, ताण्याच्या वळशात, पेरावर बसतो. मोगरा, कृष्णकमळ, विड्याचा वेल यांच्यावर विशेष. मेणाच्या थरामुळे नुसतं पाणी किंवा औषध वरून ओघळून जातं. थोडा असेल तर केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन एकेक पुसून काढा. जास्त असेल तर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. खोडावर तपकिरी खवले चिकटलेले दिसले, नखाने उचकटले की खाली ओलसर जीव, तर ती खवले कीड, तिलाही ब्रशच. पांढरं दिसलं म्हणून प्रत्येक वेळी ढेकूण समजू नका. पानाच्या वर पांढरी पावडर पसरलेली, न हलणारी, कापसाचे धागे नसलेली, ती भुरी. ती बुरशी आहे, तिचा उपाय वेगळा.

नागअळीने काढलेल्या पांढऱ्या नागमोडी रेघा सगळ्यांना माहीत असतात. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये असते, त्यामुळे वरून मारलेलं बरंच औषध तिला लागत नाही. रेघेचं रुंद टोक शोधायचं आणि तिथे दोन बोटांत दाबायचं, अळी तिथेच असते. मोठ्या वेलीवर चार-सहा पानांत रेघा असतील तर सोडून द्या, उत्पन्नात फरक पडत नाही. रोप दोन-तीन पानांवर असताना मात्र ती पानं काढून टाकण्यापेक्षा रोज दाबत राहणं बरं, कारण पानंच कमी असतात.

रोपाच्या वयात खरा शत्रू तांबडा भुंगेरा. नारिंगी-लाल, पाऊण सेंटिमीटर लांब, काकडी, भोपळा, दोडक्याची पहिली पानं चाळण करून टाकतो. कारल्याला तो सहसा तोंड लावत नाही. सकाळी उन्हाआधी हा सुस्त असतो, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतो. नऊनंतर हात लावायच्या आत उडतो. चार-पाच खरी पानं येईपर्यंत रोपावर मच्छरदाणीचं कापड टाकून कडा मातीत दाबल्या की काम झालं. अंडी खोडाजवळच्या ओल्या मातीत असतात आणि अळ्या मुळं खातात, तेव्हा मागच्या हंगामात भुंगेरे झालेल्या कुंडीत नवं बी टाकण्याआधी माती उलथून आठवडाभर उन्हात पसरावी.

आता औषधं. घरच्या वेलीसाठी तीनच गोष्टी नीट जमल्या तरी पुरतं: साबण, कडुनिंब आणि मित्रबुरशी.

साबण म्हणजे भांडी घासायचं लिक्विड नव्हे. ते डिटर्जंट असतं, पानावरचा मेणाचा थर काढून टाकतं आणि काकडीची पानं दुसऱ्या दिवशी कडेने वाळतात. बागेसाठी मिळणारा पोटॅशियम साबण लिटरला ५ ते १० मिलि घ्या. साबण ओला असतानाच काम करतो, सुकला की त्याचा काही उपयोग नाही. म्हणून उन्हात मारू नये आणि थेंब थेट किडीवर पडला पाहिजे. बोअरचं जड पाणी असेल तर साबण फाटतो, पाण्यावर साय येते. त्यासाठी पावसाचं किंवा नळाचं पाणी वापरा. आधी दोन-तीन पानांवर मारून दोन दिवस बघा.

निंबोळी अर्क पाच टक्के म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. वाळलेल्या निंबोळ्यांचा गर जाडसर कुटून ५० ग्रॅम भुकटी अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी काठीने ढवळून दुहेरी मलमलच्या कापडातून पिळून गाळायची, नाहीतर पंपाची चकती हमखास तुंबते. पाणी घालून एक लिटर करायचं आणि त्यात १ ते २ ग्रॅम साबण विरघळवून संध्याकाळी फवारायचं. अर्क त्याच दिवशी संपवावा, दुसऱ्या दिवशी त्याचा जोर उतरतो. निंबोळी शक्यतो त्याच वर्षीची असावी. बुरशी आलेली, काळी पडलेली टाकून द्या.

एवढा खटाटोप नको असेल तर कडुनिंब तेल लिटरला ५ मिलि. यात चूक होते ती मिसळण्यात. तेल सरळ पाण्यात ओतलं की ते वर तरंगतं, पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी नुसतं तेल, आणि शेवटच्या वेलीची पानं भाजतात. आधी वाटीत ५ मिलि तेल आणि २ मिलि पोटॅशियम साबण चांगलं घोटा. मग कोमट पाणी चमचा-चमचा घालत ढवळा. दुधासारखं पांढरं झालं की ते लिटरभर पाण्यात घाला आणि फवारताना पंप अधूनमधून हलवत राहा. वर तेलाचे डोळे दिसले तर ते पाणी वेलीवर मारू नका, थोडा साबण घालून पुन्हा घोटा. तयार औषध घेतलं तर बाटलीवर पीपीएम, म्हणजे त्यातल्या मुख्य घटकाची तीव्रता, बघा. १५०० पीपीएमचं आणि १०,००० पीपीएमचं प्रमाण अगदी वेगळं असतं, लेबलवर लिहिलेलं तेच घ्या.

कडुनिंबाने कीड लगेच मरत नाही. तिचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं, अंडी कमी होतात. परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो. उन्हात त्यातला अझाडिरॅक्टिन हा मुख्य घटक लवकर नासतो, म्हणून फवारणी संध्याकाळी, आणि सात-आठ दिवसांनी पुन्हा.

व्हर्टिसिलियम लेकानी ही मित्रबुरशी मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांच्या अंगावर वाढून त्यांना मारते. भुकटी लिटरला ५ ग्रॅम. कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या विक्री केंद्रांवर बहुधा मिळते. तिला दमट हवा लागते, त्यामुळे पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांत ती चांगली चालते, मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात पैसे वाया. बुरशीनाशक मारून आठवडाही झाला नसेल तर हिचा उपयोग नाही, तेही बुरशीलाच मारतं. पाकिटावरची मुदत तपासून घ्या, मेलेली बुरशी म्हणजे नुसती पावडर.

फवारायचं कसं? दोन लिटरचा हाताने दाब भरायचा पंप, नळी वर वळवता येईल असा. मांडवाखाली उभं राहून खालून वर, जुन्या पानांपासून शेंड्याकडे. पानाच्या टोकाला थेंब जमून पडायला लागला की पुढे सरका. डोक्यावर फवारताना थेंब तोंडावर येतात, म्हणून चष्मा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, मग ते कडुनिंब का असेना. चार बाय चार फुटांच्या दाट जाळीला मागून-पुढून साधारण लिटर-दीड लिटर लागतं.

संध्याकाळी फवारा असा नियम सांगितला, पण दुधी आणि दोडक्यासाठी तो थोडा बदलावा लागतो. या दोन्हींची फुलं संध्याकाळीच उमलतात आणि परागीभवन तेव्हाच होतं. त्यांना ऊन कलल्यावर, फुलं उघडायच्या आधी फवारून घ्या आणि पानांच्या मागेच मारा. कारलं, काकडी, घोसाळं सकाळी फुलतात, त्यांना संध्याकाळ योग्य.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट. दुधीची किंवा काकडीची बोटभर फळं पिवळी पडून गळतात आणि लगेच फळमाशीवर ठपका येतो. गळलेलं फळ उभं चिरा. आत पांढऱ्या अळ्या वळवळतात किंवा सालीवर टोचल्याची खूण, त्यातून सुकलेला डिंक आहे, तर फळमाशी. आत स्वच्छ असेल, नुसतं टोकाकडून सुकत आलं असेल, तर बहुधा परागीभवन झालेलं नाही. त्याला औषध नाही, नर फूल तोडून मादी फुलावर घासायचं.

फळमाशी असेल तर पानांवर काही मारू नका. माशी फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गरात सुरक्षित असतात, आणि वाढ झाली की मातीत उतरून कोष करतात. तिन्ही ठिकाणी घाव घालावा लागतो. फळ धरल्यावर दोन-तीन दिवसांत, ते अजून बोटाएवढं असताना, त्याला कागदाची किंवा जुन्या पातळ कापडाची पिशवी घालून तोंड सैल बांधा. हा घरच्या बागेतला सर्वांत खात्रीचा उपाय. किडकी फळं रोज वेचा आणि कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. आळ्यातली वरची तीन-चार इंच माती दर आठवड्याला हलवा, म्हणजे कोष उघडे पडतात. सापळा घेताना दुकानदाराला वेलवर्गीय भाज्यांसाठी हवाय हे सांगून क्यू ल्युर हे नर माशीला ओढणारं आमिषच मागा. आंब्याच्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉल असतं, ते कारल्याच्या माशीसाठी लावून महिनाभर वाट बघणारे बरेच आहेत. सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे सापळा लावला म्हणून पिशव्या सोडू नका.

मोगऱ्याच्या कळ्यांचं दुखणं वेगळं. कळी जांभळी होऊन न उमलता गळते, बाजूला बारीक छिद्र दिसतं, दोन-तीन कळ्या धाग्यांनी एकत्र विणलेल्या असतात: ही कळी पोखरणारी हिरवट अळी. कळीचा देठाकडचा भाग फुगून ती गुलाबी-जांभळी व खुरटी झाली आणि चिरल्यावर आत अगदी बारीक अळ्या दिसल्या तर ती कळीमाशी, तिचे कोष मातीत. दोन्हींत बाधित कळ्यांचे घोस रोज खुडून नष्ट करायचे, खालचा पालापाचोळा उचलायचा आणि कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या असल्यापासून आठवड्याला निंबोळी अर्क सुरू करायचा. कळी एकदा पोखरली की वरून काहीही मारा, ती वाचत नाही.

फवारा उचलण्याआधी कुणाला मारायचं नाही ते ओळखायला शिका. माव्याच्या वस्तीत काळी-नारिंगी, सुसरीच्या आकाराची, सहा पायांची अळी फिरत असेल तर ती ढालकिड्याची, दिवसाला डझनावारी मावा फस्त करते. पानावर केसासारख्या दांड्यांवर उभी असलेली हिरवट-पांढरी अंडी क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाची. फुगून तपकिरी, कडक झालेला मावा म्हणजे परोपजीवी गांधीलमाशीने आत अंडं घातलेला, पाठीवर गोल भोक असेल तर आतली माशी बाहेर पडून कामाला लागलीसुद्धा. भुरी आलेल्या पानांवर पिवळेधमक, पाठीवर ठिपके नसलेले छोटे ढालकिडे दिसतात, ते पान खात नाहीत, भुरीच खातात. आणि पिठ्या ढेकणांमध्ये एखादा दुप्पट मोठा, लांब मेणाच्या झिपऱ्या असलेला आणि भराभर चालणारा "ढेकूण" दिसला तर त्याला अजिबात हात लावू नका. तो क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची अळी असतो आणि ढेकणांवरच जगतो.

ढालकिड्यांमध्ये फक्त एक कुळ आपलं नाही. कारल्याच्या पानांवर मातकट नारिंगी, अंगावर बारीक लव असलेला, बारा किंवा अठ्ठावीस काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा, आणि जवळच पिवळी, फाटे फुटलेल्या काट्यांनी भरलेली अळी, पान जाळीदार झालेलं: हा ठिपक्यांचा भुंगेरा, हा पान खातो. मित्र ढालकिडा चकचकीत असतो, याची पाठ मंद. याच्या अंड्यांचे पुंजके पानामागे उभे पिवळे दिसतात. मित्राचीही अंडी तशीच असतात, म्हणून आजूबाजूला मावा असेल तर अंडी राहू द्या, जाळीदार पान असेल तर चिरडा.

एवढं करूनही दुकानातल्या रासायनिक औषधाची वेळ आलीच तर भाजीच्या वेलीसाठी घेताना लेबलवर त्या भाजीचं नाव आणि फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही हे दोन्ही छापलेलं आहे का बघा. डब्यावरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर तो घरात आणूच नये. हिरवा सर्वांत कमी विषारी, त्याच्या वर निळा. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर बंदी आहे, डायक्लोरव्हॉसवर तर देशभरच. कुणी सुट्या बाटलीत "जालीम आहे" म्हणून काही दिलं तर घेऊ नका. तोडणी एक दिवसाआड चालते त्या काकडी-दोडक्यावर आठ दिवसांच्या प्रतीक्षेचं औषध मारणं म्हणजे आठ दिवसांची भाजी फेकणं, आणि ती फेकायचीच. झुरळांचा स्प्रे वेलीवर मारू नका, त्यातल्या द्रावकाने पान जळतं.

हंगाम संपल्यावर वाळलेला वेल मांडवावर तसाच लटकत ठेवू नका. त्यावर कोळ्यांची अंडी आणि ढेकणांचे पुंजके पुढच्या वेलीची वाट बघत राहतात. वेल कापून खाली उतरवा, जुन्या सुतळ्या आणि गाठी काढून टाका, बांबूच्या पेरांच्या फटी साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, तारा पुसून घ्या. आळ्याची माती पसरून ऊन द्या. त्याच जागी पुन्हा काकडी-दोडक्याच्या कुळातला वेल लावण्याऐवजी एक फेरा वाल किंवा घेवड्याचा घ्या, म्हणजे मातीतल्या फळमाशीच्या कोषांतून बाहेर येणाऱ्या माश्यांना तिथे काकडीवर्गीय फळ मिळणार नाही.